पेडल आत, गाडी जागेवर: फोर-बाय-फोरचा हरवलेला पिकअप शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. २.२ लिटरची टर्बो-डिझेल फोर-बाय-फोर, मॅन्युअल गिअर, ९०,००० किलोमीटर झालेले. सहा महिन्यांपूर्वी कंपनीचे २३५/७० आर १६ टायर काढून २६५/७५ आर १६ चे मड-टेरेन टाकले. महिन्याभरापूर्वी गाडी बंपरच्या वर आलेल्या पाण्यातून काढली. तेव्हापासून पेडल अगदी पूर्ण दाबलं तरी दीड-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग २,२०० आरपीएमच्या आसपास गाडी एकदम उसळते. चढावर जास्त त्रास. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलून झाले, फरक शून्य. आता कोणीतरी थ्रॉटल कंट्रोलरची डबी लावायला सांगतंय. लावावी का?

नका लावू. आत्ता तरी नकोच.

ती डबी पेडलचा सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्या मधे बसते. तुम्ही पेडल २५ टक्के दाबलंत की ती ईसीयूला ४०-५० टक्के दाबल्याची थाप मारते. तिचं काम इथेच संपतं. पेडल पूर्ण दाबलंत तर डबी असो वा नसो, ईसीयूला १०० टक्केच दिसतात. त्यामुळे डबीचा उपयोग होईल की नाही हे विकत न घेताच कळतं: मोकळ्या रस्त्यावर पेडल तळापर्यंत दाबा. तरीही तेवढाच वेळ गाडी थांबत असेल, तर डबी तो वेळ कमी करू शकत नाही. तुम्ही लिहिलंय की पूर्ण दाबूनही थांबते. मग ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होईल. शिवाय दगडांतून गाडी इंच-इंच पुढे न्यायची असते तेव्हा हे तापट पेडल नकोसं होतं. गाडी आदळली, पाय थोडा हलला, की गाडी उडी मारते.

आता मूळ दुखण्याकडे. ‘पिकअप नाही’ या दोन शब्दांत लोक निदान चार वेगळ्या तक्रारी सांगतात. पेडल दाबल्यावर इंजिन उशिरा जागं होतं, ही एक. इंजिन लगेच जागं होतं पण गाडी ओढत नाही, ही दुसरी. आरपीएम चढतात, आवाज चढतो, पण वेग तिथेच राहतो, ही तिसरी; ती बहुतेक वेळा क्लच प्लेटची असते. आणि सुरुवात चांगली होते पण ठरावीक आरपीएमच्या वर इंजिन चढतच नाही, ही चौथी. त्यात लिंप मोड (बिघाड दिसला की ईसीयू इंजिनची ताकद बांधून ठेवतो तो), चोंदलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा डिझेलचा तुटवडा निघतो. तुमची तक्रार पहिली आहे, तिला दुसरीची थोडी छटा आहे. हे वर्गीकरण आधी केलं नाही तर माणूस एकेक पार्ट बदलत सुटतो. तुम्ही दोन फिल्टर बदललेत, ते ठीक. ते कधी ना कधी बदलायचेच होते. पण पुढचा पार्ट कारण कळल्याशिवाय घेऊ नका.

सगळ्यात सोपी चाचणी उभ्या गाडीतच होते. इंजिन गरम, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पेडलला एक झटका द्या. आरपीएम लगेच वर उसळले, तर पेडल, त्याची वायरिंग, इंजेक्टर, रेल (इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल देणारी नळी) ही मंडळी ढोबळमानाने शुद्धीवर आहेत, कारण न्यूट्रलमध्ये फिरायला इंजिनला टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) दाबाची गरजच नसते. उशीर फक्त लोड आल्यावर होत असेल, तर बोट हवेच्या बाजूकडे जातं. आणि न्यूट्रलमध्येही इंजिन रेंगाळत असेल, तर आधी पेडल आणि डिझेल बघा. (काही गाड्यांत उभ्या गाडीत आरपीएमला मुद्दाम मर्यादा घातलेली असते. वरचा आकडा किती येतो ते बघू नका, चढायला वेळ किती लागतो ते बघा.)

टायरचा हिशेब इथेच उरकतो, कारण तो लोक एक तर विसरतात, नाहीतर सगळं त्याच्याच माथी मारतात. तुमचा जुना टायर उंचीला साधारण ७३५ मिलिमीटर, नवा ८०४. म्हणजे ९ टक्के मोठा. मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ४.१० असेल तर गाडीला तो आता ३.७५ असल्यासारखा वाटतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६५-६६ ने चाललेली असते. पिकअपच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचं हे, की ज्या वेगाला आधी इंजिन २,००० आरपीएमवर असायचं, तिथे आता ते १,८३० वर असतं. टर्बो जिथे नीट जागा होतो त्या पट्ट्याच्या तुम्ही खाली घसरलात. त्यात मड-टेरेन टायर जड, आणि त्याचं बरंचसं वजन परिघावर, म्हणजे फिरवायला सगळ्यात महाग जागी. म्हणून एक गिअर खाली टाकायची सवय लावा, निम्मी चिडचिड कमी होईल. पण टायर सहा महिन्यांपूर्वी आले आणि त्रास महिन्याभराचा आहे. तारखा बघा: टायरने दुखणं वाढवलं असेल, आणलं नाही. आणलं ते पाण्यातल्या त्या फेरीने, किंवा त्याच सुमारास जीर्ण होऊन फाटलेल्या कशाने तरी.

दिवा नाही म्हणून बिघाड नाही असं समजू नका. ईसीयू दिवा लावतो तो एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर, ठरलेला वेळ राहिला तर. तुमच्या गाडीत दाब दोन सेकंद उशिरा येतो आणि मग येतोच. ईसीयूच्या लेखी तो उशिरा का होईना, हजर झाला.

त्यामुळे कोड वाचून भागणार नाही, चालत्या गाडीत लाइव्ह डेटा रेकॉर्ड करावा लागेल. इथे एक चूक जवळपास प्रत्येकजण करतो, मीही केली आहे. साध्या ब्लूटूथ अडॅप्टरवर वीस आकडे एकदम निवडायचे. अडॅप्टर एकेक आकडा विचारत बसतो, आणि तोच आकडा पुन्हा यायला दोन सेकंद लागतात. दोन सेकंदांचा उशीर शोधायला निघालो आणि मापायची पट्टीच दोन सेकंदांची! पाचच निवडा: पेडल टक्के, आरपीएम, बूस्टचा (टर्बोने दाबलेल्या हवेचा) ईसीयूने मागितलेला दाब, प्रत्यक्ष दाब, आणि रेल प्रेशर. तिसरा गिअर, १,५०० आरपीएम, रिकामा सरळ रस्ता. पेडल एकदम पूर्ण दाबा आणि ३,००० पर्यंत सोडू नका. शेजारी कोणीतरी बसवा. गाडी चालवताना फोनकडे बघायचं नाही.

मग आलेख वाचायचा तो पेडलपासून चाकाकडे. पेडल तळाला टेकलं तरी आकडा ८० टक्क्यांवरच थांबला, तर गोष्ट तिथेच संपली: मॅट किंवा सेन्सर. पेडल १०० आहे आणि बूस्टची मागणीच वाढत नाही, याचा अर्थ ईसीयू स्वतः हात आखडता घेतोय. मागणी लगेच वर जाते पण प्रत्यक्ष दाब मागून रांगत येतो, तर हवा गळतेय किंवा टर्बो नीट फिरत नाही. दोन्ही दाब जुळतात पण रेल प्रेशर खाली कोसळतं, तर डिझेलचा पुरवठा. आणि सगळे आकडे गुण्यागोविंदाने चालले असूनही गाडी सुस्त, तर इंजिनला सोडा. क्लच, ब्रेक, टायर बघा.

तुमच्या वर्णनावरून माझी पैज यातल्या तिसऱ्यावर आहे: मागणी वर, दाब मागे. कमी आरपीएमला निर्जीव आणि २,२०० ला उसळी, ही टर्बोच्या बाजूच्या दुखण्याची खूण आहे. खाली एक्झॉस्टचा जोर कमी असतो, टर्बो कशीबशी थोडी हवा दाबतो आणि तीही वाटेत गळते. वर गेल्यावर टर्बो इतकी हवा टाकतो की गळती सोसूनही पुरते. डिझेल इंजिनात आणखी एक भानगड असते. हवा पुरेशी नसताना डिझेल फवारलं तर काळा धूर होतो, म्हणून ईसीयू हवा मोजून तेवढंच डिझेल सोडतो. पेडल काहीही म्हणो, हवा आली नाही तर डिझेल नाही. तुम्हाला वाटतं पेडल ऐकत नाही. ईसीयू हवेची वाट बघत बसलेला असतो. म्हणूनच लोडवर धूर किती येतो हे मला हवंय. एमएएफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणारा) हवा मोजली आणि ती पुढच्या पाइपातून गळाली, तर ईसीयू आत पोहोचलीच नाही अशा हवेच्या हिशेबाने डिझेल टाकतो आणि मागे काळा ढग उठतो. धूर न होता नुसता उशीर असेल, तर टर्बोच्या पात्या किंवा त्यांना हलवणारी व्हॅक्यूमची लाइन आधी बघेन.

गळती शोधायची ती बॉनेट उघडून वरवर बघून नाही. मागे एक गाडी आली होती, तक्रार अगदी तुमच्यासारखी. वरून सगळे होज सुरेख, क्लिपा घट्ट. दोन ठिकाणी दाखवून झालेली, एका ठिकाणी तर टर्बोच बदलायचा सल्ला मिळालेला. इंटरकूलरकडून (दाबलेली हवा थंड करणारा) इंजिनकडे जाणाऱ्या होजच्या पोटाखालून मी नुसता हात फिरवला. एका जागी बोटाला चिकट काळं तेल लागलं, बाकी होज कोरडा. टर्बोमधून थोडी तेलाची वाफ जातेच, आणि जिथे हवा निसटते तिथे ती बाहेर पडून धूळ धरते. होज काढून वाकवला तर शेजारच्या ब्रॅकेटने घासून पडलेली, नखाएवढ्या लांबीची चीर. होज सरळ धरला की चीर मिटून जायची, दिसायचीही नाही. लोडवर इंजिन आपल्या माउंटवर कलतं, होज ताणला जातो, आत दाब येतो, आणि चीर ओठ उघडावेत तशी उघडते. उभ्या गाडीत कितीही वेळ बघितलं असतं तरी ती सापडली नसती. नवा होज टाकला, ब्रॅकेट थोडं वाकवून लांब केलं. टर्बो आजही तोच आहे.

तेव्हा होजला वरून, खालून, दोन्ही टोकांना हात लावून बघा. मऊ पडलेला, फुगल्यासारखा, तेलाने गिळगिळीत झालेला होज संशयित. क्लिपेखाली रबर कापलंय का बघा. पाण्यातून जाताना खालच्या होजला काठी-दगड लागू शकतो, इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा सांधाही सुटू शकतो. नजरेला काही नाही आलं तर स्मोक मशीन (पाइपांत धूर सोडून गळती दाखवणारं) असलेल्याकडे जा. ते नसेल तर एमएएफच्या पुढचा पाइप सोडवून त्याला ट्यूबचा वॉल्व्ह लावलेला घट्ट बूच बसवा, अर्धा बार हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. अर्धा बार पुरे; जास्त भरून बूच सुटलं तर ते बंदुकीच्या गोळीसारखं येतं, डोळ्यांवर चष्मा हवाच. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा, कारण थोडी हवा उघड्या वॉल्व्हमधून आणि रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये जाणारच. तिथला फुसफुस आवाज ऐकून घाबरू नका.

गळती नसेल तर टर्बोच्या पात्या. अशा बहुतेक डिझेल इंजिनांत व्हेरिएबल टर्बो असतो: टर्बाइनभोवतीच्या पात्या कमी आरपीएमला मिटतात, वाट अरुंद होते, एक्झॉस्ट जोरात टर्बाइनवर आदळतो आणि टर्बो लवकर फिरू लागतो. आरपीएम वाढले की पात्या उघडतात. त्या उघड्याच राहिल्या तर खाली दाब जमत नाही आणि वर गाडी अगदी ठीक वाटते. ओळखीचं वाटलं ना? पात्या हलवणारा रॉड टर्बोच्या अंगाला दिसतो, तो गोल डब्यासारख्या अ‍ॅक्च्युएटरला जोडलेला असतो. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर साधारण असं दिसायला हवं: इंजिन बंद असताना रॉड सैल सुटलेला, सुरू केलं की काही क्षणांत आत ओढला जातो, बंद केलं की परत बाहेर. कोणाला तरी चावी द्यायला सांगा आणि तुम्ही टॉर्च लावून बघा. हात आणि बाह्या पंख्यापासून, बेल्टपासून लांब. रॉड हललाच नाही किंवा अर्ध्यात अडखळला, तर दोन शक्यता. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने अ‍ॅक्च्युएटर थेट ओढून बघा. तरीही अडखळतो किंवा धक्के खात सरकतो, तर पात्यांत काजळी जमलीय. सतत कमी आरपीएमवर रांगणाऱ्या गाडीला हा रोग सहज जडतो. पंपाने मऊसूत सरकतो आणि धरून ठेवतो, तर टर्बो निर्दोष. व्हॅक्यूम तिथवर पोहोचत नाहीये.

आणि इथे मला तुमचं पाणी आठवतं. व्हॅक्यूम सोडणारा सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा) वॉल्व्ह पुष्कळ गाड्यांत इंजिन बेमध्ये खालच्या अंगाला असतो आणि त्याला श्वास घ्यायला एक छोटी जाळी किंवा फोमची टोपी असते. त्यातून चिखलाचं पाणी आत गेलं की वॉल्व्ह आळसावतो. बारीक व्हॅक्यूम नळ्या एक्झॉस्टच्या उष्णतेने कडक होऊन टोकाला चिरतात, पाण्यात झाडाची फांदी अडकून निसटतातही. या नळ्या स्वस्त असतात आणि त्यांच्यामुळे टर्बो बदलले जातात. दुरुस्ती म्हणजे अनेकदा नळीच्या टोकाचा चिरलेला सेंटिमीटर कापून ती परत खोचणं. ब्रेकचा बूस्टरही बहुधा याच व्हॅक्यूमवर चालतो, तेव्हा ब्रेकचं पेडल दाबताना ते जरा कडक वाटतंय का, हेही आठवून बघा. असेल तर व्हॅक्यूम पंप किंवा मुख्य लाइन.

दुसरी गोष्ट, जी पाण्यानंतर बिघडू शकते आणि कोणी बघत नाही: ब्रेकचा स्विच. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले तर ईसीयू अ‍ॅक्सिलरेटरला मान देत नाही. सुरक्षेसाठीच तसं केलंय. पण ब्रेकचा स्विच ओला होऊन किंवा जरा सरकून ‘ब्रेक दाबलाय’ असं खोटंच सांगू लागला, की तुम्ही पेडल दाबत बसता आणि गाडी शहाण्यासारखी थांबते. लाइव्ह डेटात ब्रेक स्विचची ओळ असते. पाय लावू नका आणि बघा. पाय हलकाच लावा आणि सोडा, परत बघा. मागचे ब्रेक लाइट कोणाला तरी पाहायला सांगितले तरी अर्धं काम होतं, पण काही गाड्यांत स्विचमध्ये दोन सर्किट असतात आणि लाइटचं ठीक असूनही दुसरं मेलेलं असतं. डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने रेस देत चढायची सवय असेल, तर बिघाड नसतानाही हेच होईल. चढावर जास्त जाणवतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारतो: डावा पाय ब्रेकवर असतो का?

लो रेंजबद्दल (अवघड वाटेसाठीचा, जास्त जोराचा आणि कमी वेगाचा गिअर) एक गोष्ट समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत लो रेंज लावली की ईसीयू पेडलचा नकाशाच बदलतो. तेवढ्याच दाबाला इंजिन कमी प्रतिसाद देतं, म्हणजे खड्ड्यात पाय हादरला तरी गाडी हिसका देत नाही. तेव्हा लो रेंजमधला थोडा मंदपणा हा दोष नाही. चाचणी हाय रेंजमध्येच करा, नाहीतर चांगल्या गाडीला आजारी ठरवाल.

पेडलचं म्हणाल तर मॅट उचलून बघाच. मी एकदा दीड तास वायरिंग मोजत बसलो होतो. सेन्सरच्या दोन्ही ट्रॅकचे व्होल्टेज सुरेख, एकाचं दुसऱ्याच्या बरोबर निम्मं, जसं असायला हवं तसं. फक्त पेडल पूर्ण दाबलं तरी आकडा ७८ टक्क्यांच्या पुढे जाईना. शेवटी कंटाळून खाली वाकलो, तर चिखलासाठी टाकलेली जाड रबरी मॅट पेडलखाली दुमडलेली. मालक माझ्याकडे बघत होता आणि मी मॅटकडे. तेव्हापासून स्कॅनर लावण्याआधी मी मॅट काढतो. पेडल अगदी सावकाश दाबत आलेख बघा: रेघ सरळ चढली पाहिजे. मधेच एका जागी ती खाली पडत असेल तर जुन्या घर्षणाच्या सेन्सरचा ट्रॅक तिथे झिजलाय. कनेक्टरमध्ये पाण्याने हिरवट गंज आलाय का, हेही उघडून बघा.

बाकीच्या गोष्टी पटकन. एमएएफ सेन्सरच्या बारीक फिल्मवर धूळ किंवा तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेल बसलं की तो हवा कमी मोजतो. त्याच्यासाठीचाच स्प्रे मारा, कापूस-ब्रश लावू नका. बूस्टचा सेन्सर काढा, त्याच्या टोकावर काजळी आणि तेलाचा लगदा असेल तर तो दाब उशिरा सांगतो. त्याच सेन्सरची फुकट तपासणी अशी: इंजिन बंद, चावी ऑन; दाब बाहेरच्या हवेएवढा दिसायला हवा. समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, १,००० मीटरवर ९० च्या आसपास, ३,००० वर ७० च्या. फार वेगळा आला तर सेन्सरच खोटा. ईजीआर वॉल्व्ह उघडा अडकला तर ताज्या हवेच्या जागी जळका वायू आत येतो, तोही अशीच मरगळ आणतो. गाडीला डीपीएफ असेल आणि ती सतत दहा-वीसच्या वेगाने रानात रांगत असेल, तर काजळी जाळायला लागणारं तापमान मिळतच नाही. साधारण ६०० अंश लागतात. मग मागून श्वास कोंडतो. पण त्यात खाली-वर सगळीकडे गाडी दबलेली वाटते, २,२०० ला अशी उसळी येत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत तो मागच्या रांगेत.

चिखलानंतर ब्रेक चिकटतात, हेही विसरू नका. कॅलिपरच्या पिनांत माती गेली की पॅड डिस्कवर घासत राहतो. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा, हात टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर जॅकवर उचलून हाताने फिरवा.

तुमची गाडी पेट्रोल असती तर उत्तर वेगळं झालं असतं. तिथे आधी थ्रॉटल बॉडीत बटरफ्लायच्या कडेला साचलेला काळा थर, मग इनटेकची गळती, आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतो ते) बघितली असती. लाँग टर्म ट्रिम सतत अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर ईसीयूला आयडल (उभ्या गाडीतला आरपीएम) पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर लोक साफ करून आणखी बिघडवली म्हणतात.  तुमच्याशी त्याचा संबंध नाही, सोडून देतो.

तुमच्या गाडीला मी असं हाताळलं असतं. मॅट काढली. न्यूट्रलमध्ये झटका दिला. ब्रेक स्विचची ओळ बघितली. मग टर्बोचा रॉड, त्याच्या नळ्या, सोलेनॉइडची टोपी. हे अर्ध्या तासात होतं. त्यानंतर इंजिन थंड झाल्यावर सगळ्या होजच्या पोटाखालून हात. इथपर्यंत एक पैसा खर्च नाही, आणि अशा दहांतल्या बहुतेक गाड्या इथेच सुटतात, निदान माझ्या हाताखालून गेलेल्या तरी. नाही सुटली तर तो पाच आकड्यांचा लॉग काढा. तो हातात असताना कोणीही तुम्हाला अंदाजाने टर्बो विकू शकणार नाही; ‘मागणी इथे वर गेली, दाब इथे आला, मधे काय झालं ते सांगा’ एवढंच विचारायचं. दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमपासून परत लॉग घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. पायाला वाटणाऱ्या फरकावर जाऊ नका. पैसे खर्च केल्यावर पायाला फरक वाटतोच.

आणि गाडीखाली शिरणारच आहात तर एक करा. पिकअपशी याचा काही संबंध नाही, पण बंपरच्या वर पाणी म्हणजे एक्सल पूर्ण बुडाले होते. गरम डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा डबा) एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर (त्याची श्वास घ्यायची नळी) तुंबलेला किंवा पाण्याखाली असेल तर ते सीलमधून पाणी ओढतं. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट आधी सोडवा, मगच खालचा ड्रेनचा. तेल दुधाळ आलं तर ते या आठवड्यातच बदला, पिकअप नंतर बघू.